चौदा नंबरची हाक

मे १९७५. न्यू जर्सीतलं मरे हिल, बेल लॅब्ज. तुम्ही टेलिटाइप मॉडेल ३७ समोर बसला आहात. पडदा नाही. टाइप कराल ते कागदावर उमटतं, सेकंदाला फार तर १५ अक्षरं, आणि तेवढ्यालाही खडखडाट केवढा! पलीकडे पीडीपी-११ या संगणकाचं कपाट घोंघावतंय. त्यात युनिक्सची सहावी आवृत्ती आहे, याच महिन्यातली, कोरी.

कागदावर # उमटतो. इतरांना % दिसतं. # म्हणजे यंत्र तुम्हाला सुपरयूजर मानतंय. आजचं काम किरकोळ वाटेल असं आहे: डेव्ह या डिरेक्टरीत 'नल' नावाची फाइल तयार करायची. नको असलेलं आउटपुट जिथे ओतायचं, ती कचराकुंडी.

तुम्ही टाइप करता: एमकेनॉड, नल, सी, ८, आणि... ० पडला. मागे जाऊन खोडायची सोय नाही. इथे # टाइप केला की आधीचं अक्षर रद्द होतं, कागदावर मात्र ते तसंच राहतं. (प्रॉम्प्टही # आणि खोडरबरही #. हे कुणाला सुचलं असेल, देव जाणे.) मग २. रिटर्न.

यंत्र काहीच बोलत नाही. म्हणजे काम झालं.

'एलएस -एल' देऊन पाहा. इतर फाइलींचा आकार जिथे छापला जातो, तिथे 'नल'पुढे आकार नाहीच. ८ आणि २ हे दोन आकडे आहेत. डिस्कवर तिच्या वाट्याला एकही ब्लॉक आलेला नाही. आयनोडमध्ये, म्हणजे फाइलीच्या नोंदीत, जिथे ब्लॉकचे पत्ते असतात, तिथे पहिल्याच जागी हे दोन आकडे बसलेत. 'सी' म्हणजे कॅरॅक्टर डिव्हाइस. ८ हा मेजर नंबर: कर्नलमधल्या, म्हणजे युनिक्सच्या गाभ्यातल्या, तक्त्यातली कुठली ओळ, म्हणजे कुठला ड्रायव्हर, ते त्यावरून ठरतं. २ हा मायनर. त्याचा अर्थ त्या ड्रायव्हरनेच लावायचा. फाइल म्हणावी तर आत काही नाही, नुसतं नाव आणि पुढे बोट दाखवणारे दोन आकडे.

आता तो खोडलेला ० आठवा. मेजर ८ हा मेमरीचा ड्रायव्हर. मायनर २ म्हणजे आलेलं सगळं फेकून दे. मायनर ० म्हणजे यंत्राची खरी मेमरी, पहिल्या बाइटपासून. पीडीपी-११ मध्ये इंटरप्ट आल्यावर कुठे जायचं याचे पत्ते नेमके तिथेच असतात. तो ० राहिला असता, तर 'नल'मध्ये टाकलेल्या पहिल्याच कचऱ्याने ते पत्ते पुसले असते. फाइलीचं नाव अगदी बरोबर असूनही.

म्हणून तर हे काम % वाल्यांना करू देत नाहीत. युनिक्समध्ये परवानगी तपासली जाते ती फाइलीच्या आयनोडवरून. त्यामागच्या उपकरणाला वेगळी राखण नसते. डिस्कचे आकडे घालून कुणीही स्वतःच्या डिरेक्टरीत, स्वतःच्या मालकीची फाइल बनवू शकला, तर सगळ्यांच्या फाइली त्याला उघड्या. नाव पाडण्याचा अधिकार हाच खरा अधिकार.

पण इथे एक गुंता आहे, आणि मला तर मूळ कल्पनेपेक्षा तोच जास्त आवडतो. डिरेक्टरीही याच हाकेने, म्हणजे कर्नलला केलेल्या एमकेनॉड या सिस्टिम कॉलने, बनते! पहिल्या आवृत्तीत, १९७१ साली, सिस्टिम कॉल क्रमांक १४ फक्त डिरेक्टरी बनवायचा. पुढे त्याच क्रमांकावर एमकेनॉड येऊन बसला आणि दोन्ही कामं करू लागला. आता डिरेक्टरी तर सगळ्यांनाच हवी. मग एमकेडीर हा प्रोग्रॅम सुपरयूजरच्या मालकीचा ठेवून त्याला सेट-यूआयडी दिलं: चालवणारा कुणीही असो, चालेल तो मालकाच्या अधिकाराने.

चार वर्षं पुढे सरका. १९७९, सातवी आवृत्ती. एमकेडीर आधी डिरेक्टरी बनवतो, मग तिची मालकी तुमच्या नावे करतो. ही दोन वेगळी पावलं. मधल्या फटीत ती डिरेक्टरी काढून त्याच नावाने पासवर्डच्या फाइलीची लिंक कुणी ठेवली, तर मालकी बदलते ती त्या फाइलीची. यंत्रावर लोड जास्त असेल, तर ही फट रुंदावते.

आणखी चार वर्षं. १९८३, बर्कली, ४.२ बीएसडी. एमकेडीर स्वतंत्र सिस्टिम कॉल झालाय. डिरेक्टरी आता कर्नलच एका दमात बनवतो. एमकेनॉड मात्र १४ नंबरवरच आहे. ३२-बिट इंटेलवरच्या लिनक्सनेही पुढे त्याला हाच नंबर दिला.