सतरा सप्टेंबर : जालना आणि मुकल्ला

दरवर्षी 17 सप्टेंबरच्या सकाळी नवीन जालन्यात ध्वजवंदन होते. 1948 साली याच दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली, हे येथील शाळकरी मुलालाही पाठ असते. परंतु अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील मुकल्ला या बंदराच्या इतिहासातही हीच तारीख आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. 1967 च्या 17 सप्टेंबरला राष्ट्रीय मुक्ती आघाडीने मुकल्ला घेतले आणि तेथील अल्-कुऐती घराण्याची सल्तनत संपली. (कुवेत देशाशी या नावाचा संबंध नाही.) निव्वळ तारखेचा योगायोग असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. ते घराणे मुळी हैदराबादच्या आश्रयाने वाढले होते.

मराठवाड्यात ‘चाऊस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुटुंबांचे पूर्वज येमेनच्या हद्रमौत भागातून आले. निजामाच्या चाकरीत अरबांची पथके असत. त्यांचे जमादार सावकारीही करीत आणि थकलेले कर्ज शस्त्राच्या धाकाने वसूल करीत. उमर बिन अवद अल्-कुऐती हा असाच एक जमादार. 19 व्या शतकात त्याने हैदराबादेत संपत्ती मिळविली. तिच्या बळावर त्याच्या मुलांनी हद्रमौतात सत्ता स्थापिली. 1888 साली त्यांनी इंग्रजांचे संरक्षण पत्करले. पुढेही मुकल्ल्याचा सुलतान तिकडे राजा आणि इकडे निजामाचा जमादार राहिला.

अरब देशांत लोकशाही रुजेल काय, असा प्रश्न निघाला की ‘ती त्या लोकांच्या रक्तातच नाही’ असे उत्तर सुशिक्षित माणसेही सहज देतात. आमच्या धर्मबांधवांच्या तोंडीही आम्ही ते ऐकले आहे. मराठवाड्याच्या माणसाने तरी असे बोलू नये. 1930 साली आपल्या रक्तात ती कोठे दिसत होती? आपले कायदेमंडळ निवडण्याचा हक्क येथील सामान्य रयतेला नव्हता. खाजगी शाळा काढण्यास परवानगी लागे. सभा भरविण्यास ‘गश्ती निशाण 53’ आडवे येई. वर्तमानपत्रे बाहेरून, मुंबई-पुण्याहून येत.

तरीही या कोंडीत काहीतरी घडत होते. औरंगाबादेत 1915 साली सरस्वती भुवन शाळा निघाली, अंबाजोगाईस 1917 साली योगेश्वरी, हिप्परग्यास 1921 साली राष्ट्रीय शाळा. या शेवटच्या शाळेत शिकविण्यास आलेला एक जण पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून साऱ्या संस्थानाचा नेता झाला. 1937 साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते परतूरला. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, आज आमच्या जालना जिल्ह्यात आहे. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. परिषदेत मवाळ होते, जहाल होते; जबाबदार राज्यपद्धतीची मागणी किती जोराने करावी यावर त्यांचे तीव्र मतभेद झाले. आमच्या मते त्या भांडणांचे मोल ठरावांपेक्षा अधिक आहे. विरुद्ध मताच्या माणसाशेजारी एका सतरंजीवर बसण्याची सवय मतपेटी येण्यापूर्वी लागावी लागते. स्टेट काँग्रेसवर 1938 साली बंदी आली, ती 1946 पर्यंत टिकली. परंतु सवय लागलेली होती. 1952 साली हैदराबादेत निवडून आलेले विधिमंडळ बसले, त्यामागे ही पंधरा-वीस वर्षांची तालीम होती.

येथे थांबलो तर अर्धसत्य सांगितल्यासारखे होईल. रझाकारांच्या अत्याचारांनंतर जो सूड उगविला गेला, त्यात असंख्य निरपराध मुसलमान बळी पडले. पंडित सुंदरलाल समितीने हा आकडा 27 ते 40 हजार असा अंदाजिला. तिचा अहवाल 2013 पर्यंत सामान्य वाचकाच्या हाती आला नाही. अनेक अरबांना स्थानबद्ध करून परत पाठविण्यात आले. वाचनालये आणि परिषदा उभ्या करणारा आमचा समाज त्या आठवड्यांत बहुतांशी गप्प होता.

मुकल्ल्याचे नशीब निराळे. सुलतान गेला, त्याच्या जागी एकच पक्ष आला. 1990 साली दोन येमेन एकत्र झाले, 1993 साली बहुपक्षीय निवडणूकही झाली. पुढल्याच वर्षी यादवी पेटली. याच हद्रमौती लोकांनी जावात मात्र 1914 साली ‘अल्-इर्शाद’ संस्था काढून शाळा चालविल्या. तेव्हा रक्ताचा सिद्धान्त येथेच बाद होतो.

ट्युनिशियाचे उदाहरण यासाठीच महत्त्वाचे. तेथील कामगार महासंघ 1946 सालचा, म्हणजे देशाच्या स्वातंत्र्याहून दहा वर्षांनी वडील. 2011 च्या उठावानंतर देश फुटण्याच्या बेतात असताना कामगार, कारखानदार, वकील आणि मानवाधिकार संघटना अशा चौघांनी पक्षांना वाटाघाटींस बसविले. 2014 साली राज्यघटना झाली, 2015 साली त्या चौघांना शांततेचे नोबेल मिळाले. 2021 साली राष्ट्राध्यक्षांनी संसद स्थगित केली. संस्था असूनही लोकशाही मार खाते, हेही त्यामुळे नोंदवावे लागते.

येमेनमध्ये 1973 साली मदर तेरेसांच्या धर्मभगिनी गेल्या त्या तेथील अरब शासनाच्याच निमंत्रणावरून. 4 मार्च 2016 रोजी एडनमधील त्यांच्या वृद्धाश्रमावर हल्ला होऊन सोळा जण मारले गेले. त्यांत चार भगिनी होत्या आणि त्यांच्यासोबत काम करणारे येमेनी मुसलमानही होते. फादर टॉम उझुन्नालिल यांना हल्लेखोरांनी पळवून नेले. दीड वर्षाने, 12 सप्टेंबर 2017 रोजी ते सुटले, आणि त्यासाठी मध्यस्थी केली ती ओमान या अरब राज्याने.