खाणप्रदूषित मृदेतील धातूंचे वनस्पतींद्वारे शोषण

खाणकामामुळे प्रदूषित झालेल्या मृदेतील जस्त, शिसे, कॅडमियम यांसारखे धातू तेथे आपोआप वाढणाऱ्या वन्य वनस्पती मुळांवाटे शोषून घेतात. अशा मृदेत तग धरणाऱ्या बहुतेक जाती धातू मुळांतच रोखून धरतात. मोजक्या जाती मात्र ते पानांत मोठ्या प्रमाणात साठवतात. या दुसऱ्या गटास अतिसंचयी वनस्पती म्हणतात. बंद पडलेल्या खाणीच्या जमिनीवर कोणती वनस्पती लावावी, हे मुख्यतः या फरकावर अवलंबून असते.

शोषणाची प्रक्रिया

मुळे प्रामुख्याने मृदेतील पाण्यात विरघळलेले धातू शोषतात. आम्लधर्मी मृदेत जस्त व कॅडमियम अधिक विरघळतात. मुळांच्या पेशीपटलांतील वाहक प्रथिने जस्त व लोह ही आवश्यक पोषकद्रव्ये आत घेतात; विषारी कॅडमियमही याच मार्गाने शिरते. आर्सेनेट हे फॉस्फेटशी साम्य असल्याने त्याच्या वाहकांवाटे आत जाते. शिसे बहुतांशी मुळांतच अडकून राहते. अतिसंचयी वनस्पतींत जस्त मुळांतून जलवाहिन्यांत वेगाने सोडले जाते आणि पानांतील पेशींच्या रिक्तिकांमध्ये साठवले जाते. त्यामुळे पेशींतील इतर क्रिया सुरळीत चालतात.

उदाहरणे

युरोपातील जस्त-शिशाच्या जुन्या खाणींवर आढळणारी नोकेया सेरुलेसेन्स ही मोहरीच्या कुळातील लहान वनस्पती आहे. तिच्या १ किलोग्रॅम वाळलेल्या पानांत १०,००० मिलिग्रॅमहून अधिक जस्त आढळू शकते. याउलट, वेल्समधील गोगिनान येथील शिशाच्या खाणीवरील अ‍ॅग्रोस्टिस कॅपिलारिस हे गवत धातू सहन करते, परंतु पानांत फारसे साठवत नाही. त्यापासून निवडलेले ‘गोगिनान’ हे वाण खाणीतील टाकाऊ मातीवर लावले गेले आहे.

उपयोग व मर्यादा

धातू रोखणाऱ्या गवतांमुळे मातीची धूप व विषारी धूळ कमी होते. धातू मात्र जमिनीतच राहतात. अतिसंचयी वनस्पतींची वारंवार कापणी केल्यास धातू जमिनीबाहेर काढता येतात. तथापि या वनस्पती बहुधा लहान व मंद वाढणाऱ्या असल्याने शुद्धीकरणास अनेक वर्षे लागतात. शिवाय मुळे पोहोचतात तेवढाच थर स्वच्छ होतो आणि कापलेल्या भागांची सुरक्षित विल्हेवाट लावावी लागते. गुरांनी अशी पाने खाल्ल्यास धातू अन्नसाखळीत शिरतात. म्हणून खाणीची जमीन हिरवी दिसली, तरी माती व वनस्पती यांची रासायनिक तपासणी केल्याविना ती चराईसाठी वा शेतीसाठी सुरक्षित मानता येत नाही.