यकृताचे भाकीत : शवविच्छेदनापासून कंपनलहरीपर्यंत

जबलपूरजवळ नर्मदेवर बरगी धरण उभे राहत असताना १०१ गावे पाण्याखाली जातील, असा सरकारी अंदाज होता. १९९० मध्ये जलाशय भरला आणि १६२ गावे बुडाली. बांध कोठे आहे हे सर्वांना ठाऊक होते. त्यामागे पाणी कोठवर चढेल, हा हिशेब चुकला. मद्यजन्य यकृतविकारात वैद्यकापुढे दीर्घकाळ असाच प्रश्न उभा होता.

वर्षानुवर्षांच्या मद्यपानाने यकृतात व्रणतंतू साचतात, यकृत कडक होते आणि आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताची वाट अडते. मागे दाब वाढत जातो. पुढे जलोदर होतो, अन्ननलिकेतील फुगलेल्या नीला फुटून रक्ताची उलटी होते. तोवर रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही.

१८१९ मध्ये फ्रेंच वैद्य रने लाएनेक यांनी या विकाराला ‘सिरोसिस’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील पिंगट रंगाच्या शब्दावरून आलेले हे नाव शवविच्छेदनात दिसलेल्या यकृताचे होते. जिवंत माणसाच्या यकृतात सुई घालून नमुना घेण्याचा प्रयोग पाउल एर्लिख यांनी १८८३ मध्ये केला. १९५८ मध्ये इटलीच्या मेंगीनी यांनी ही क्रिया क्षणभराची केली. तरीही नमुना यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग. शिवाय रक्तस्रावाची भीती होतीच. १९६४ मध्ये चाइल्ड व टरकॉट यांनी आणि १९७३ मध्ये प्यू यांनी गुणांक मांडले. पण कावीळ, जलोदर ही त्यांतील प्रमुख लक्षणे पाणी चढल्यानंतरची होती.

२००३ मध्ये फ्रान्समधील लॉराँ सांद्राँ आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट दाखवली. बरगड्यांमधून हलका धक्का द्यायचा आणि त्यातून उठलेली कंपनलहर यकृतातून किती वेगाने जाते, हे अल्ट्रासाउंडने मोजायचे. ऊती जितकी कडक, तितकी लहर वेगवान. उत्तर किलोपास्कलमध्ये मिळते.

मग प्रश्नही बदलला. ‘सिरोसिस आहे का?’ याबरोबर ‘पुढे काय होईल?’ हे विचारले जाऊ लागले. डेन्मार्कमधील ओडेन्स येथे मद्यजन्य यकृतविकाराच्या साडेचारशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे मापन पुढील धोका सांगण्यात बायोप्सीच्या तोडीचे ठरले. त्याच वर्षीच्या ‘बावेनो’ तज्ज्ञपरिषदेने सांगितले की, इतर चिन्हे नसताना आकडा १० किलोपास्कलच्या खाली असेल, तर पुढील तीन वर्षांत यकृत निकामी होत जाण्याचा धोका एक टक्क्याहून अधिक नसतो.

आकडा मात्र सावधपणे वाचावा लागतो. नुकत्याच केलेल्या अतिमद्यपानाने यकृताला सूज आली असेल, तर तो फुगलेला दिसतो. मद्य थांबल्यावर काही आठवड्यांतही उतरू शकतो. या भाकिताचे खरे मोल येथेच आहे. बरगीच्या गावांना पाणी चढल्यावर मागे फिरता आले नाही. येथे इशारा वेळेत मिळाला, तर मद्य सोडून पुढचा मार्ग बदलता येतो. परंतु ही यंत्रे अजून प्रामुख्याने मोठ्या शहरांतील रुग्णालयांत आहेत, आणि मोहाची दारू गाळणाऱ्या गावांपासून ती रुग्णालये फार दूर आहेत.