घडीचा चाकू : एक वीस डॉलरचा, दुसरा चारशेच्या वर, फरक नेमका कशाचा?

टायटॅनियमच्या मुठीचा चाकू एका हाताने 'टक्' करून उघडणारे व्हिडिओ तुमच्याही फीडवर आले असतील. खाली कमेंटमध्ये वाद ठरलेला. एक म्हणतो, "याला तोड नाही." दुसरा म्हणतो, "भाजीच कापायची ना?" दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

सेमी-कस्टम म्हणजे काय?

पूर्ण कस्टम चाकू एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत घडवतो. कारखान्यात हजारो चाकू एकाच साच्याचे निघतात. सेमी-कस्टम या दोघांच्या मधला. त्याचे भाग संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर कापले जातात, पण जुळवणी, घासकाम आणि शेवटची तपासणी छोट्या कार्यशाळेत माणसं हाताने करतात. या शब्दाची कायदेशीर व्याख्या मात्र नाही. त्यामुळे कोणताही विक्रेता तो बिनदिक्कत वापरू शकतो.

दोन टोकांची दोन उदाहरणं

फ्रान्सच्या सावोआ भागातला ओपिनेल १८९० पासून बनतोय. लाकडी मूठ, पातळ पातं आणि १९५५ मध्ये आलेली फिरती लॉक-रिंग, एवढाच त्याचा पसारा. ८ नंबरच्या ओपिनेलचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं असतं आणि किंमत साधारण २० डॉलर.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या क्रिस रीव्ह नाइव्ह्जचा 'सेबेन्झा'. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे असलेल्या रीव्ह यांनी झुलू भाषेतला 'काम' या अर्थाचा शब्द नावासाठी घेतला. यात टायटॅनियमच्या मुठीचाच एक भाग पात्यामागे सरकतो आणि लॉक बनतो. ही 'फ्रेम लॉक' पद्धत त्यांचीच. आज ती स्वस्त चाकूंतही सर्रास दिसते. सेबेन्झाची किंमत चारशे डॉलरच्या वर जाते.

जास्त पैसे कशाचे?

- जुळणी : पातं बंद केल्यावर दोन्ही बाजूंना अंतर सारखं, उघडल्यावर हलणं नाही.
- दुरुस्ती : सेबेन्झा मालकाने स्वतः उघडून साफ करावा, अशीच त्याची रचना आहे. स्क्रू पूर्ण आवळला तरी पातं अडकत नाही.
- किंमत टिकणं : नावाजलेल्या कार्यशाळेचा चाकू जुना झाला तरी त्याला गिऱ्हाईक मिळतं.

मग तो जास्त चांगला कापतो का?

तसं नाही. कापणं तीन गोष्टींवर ठरतं : पोलाद, त्याला दिलेली उष्णता प्रक्रिया आणि पात्याची जाडी. सफरचंद चिरायला ओपिनेलचं पातळ पातं अनेक महागड्या चाकूंपेक्षा सरस ठरतं. जाड पातं पाचरीसारखं अडकतं, मग किंमत कितीही असो.

पोलादाचंही तसंच. क्रुसिबल कंपनीने २००१ मध्ये आणलेलं 'एस३०व्ही' हे पोलाद रीव्ह यांच्या सल्ल्याने तयार झालं. पुढे तेच पोलाद कारखान्यात बनणाऱ्या स्पायडर्कोच्या 'पॅरामिलिटरी २' मध्येही वापरलं गेलं. म्हणजे छोट्या कार्यशाळेतली कल्पना काही वर्षांत कारखान्यापर्यंत पोहोचते आणि कापण्यातला फरक कमी होत जातो. उरतो तो हाताला जाणवणारा फरक.

स्वस्त चाकूला मर्यादा नाहीत असं नाही. दमट हवेत ओपिनेलचं लाकूड फुगून पातं मुठीत अडकतं, आणि कार्बन पोलादाचं पातं पुसून ठेवलं नाही तर गंजतं. कोकणातल्या पावसात स्टेनलेस पातंच बरं.

घेण्याआधी हे बघा

भारतात शस्त्र नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाच्या चाकूंना यातून सूट आहे. पण पातं लहान म्हणून चाकू कुठेही न्यावा असं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल, तर सार्वजनिक जागी चाकू बाळगण्यावर बंदी येऊ शकते. विमानात हातातल्या बॅगेत तर तो चालतच नाही.

थोडक्यात, रोजच्या कामासाठी चाकू हवा असेल तर पातळ पात्याचा, चांगल्या पोलादाचा कारखान्यातला चाकू पुरेसा आहे. यंत्रासारखी नेमकी जुळणी हातात घेऊन बघण्याची हौस असेल, तर सेमी-कस्टम घ्या. फक्त पैसे हौसेचे मोजतोय, धारेचे नाही, हे माहीत असू द्या.