चाकणचा सुरुंग आणि लाल महालाची खिडकी

‘आत्मघाती’ हा शब्द आपण हल्ली फार सैलपणे वापरतो. मराठेशाहीच्या इतिहासातील प्रत्येक धाडसाला तो चिकटवला जातो आणि वर्गात शिकवताना आम्हीही तो क्वचित वापरून गेलो आहोत. तो कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे पाहण्यासाठी चाकणइतके सोयीचे ठिकाण नाही.

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कंटेनरांच्या रांगेतून गावात शिरले की संग्रामदुर्गाचे उरलेसुरले तट आणि खंदक दिसतात. हा भुईकोट. डोंगराचा आधार नाही, कड्याचा नाही. 21 जून 1660 रोजी शाहिस्तेखानाने त्याला वेढा घातला तेव्हा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याच्या पाठीशी भिंती, खंदक आणि पावसाळा एवढेच होते. शिवाजी महाराज स्वतः पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले; कुमक येण्याची आशा नव्हती.

मोगलांनी मोर्चे बांधले, दमदमे उभारले, पण किल्ला हलेना. शेवटी काम केले ते सुरुंगाने. मोर्चापासून ईशान्येच्या बुरुजाखालपर्यंत जमिनीतून वाट खणायची, तिच्या टोकाला दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. वरचा पाऊस आणि चिखल ध्यानात घेतला, तर या अनाम खणकऱ्यांचे कसब मान्य करावेच लागते. 14 ऑगस्टला बुरूज उडाला, त्यावरची माणसेही उडाली. खिंडारातून घुसलेल्या मोगलांना मात्र आत मराठ्यांनी रचलेला मातीचा उंच बांध आडवा आला. त्याआडून बाण, गोळ्या आणि दगडांचा मारा झाला. ती रात्र मोगलांनी तिथेच काढली. दुसऱ्या दिवशी भावसिंह हाडाच्या मध्यस्थीने किल्ला खाली झाला. मोगलांकडील हानी जदुनाथ सरकारांनी 268 ठार, 600 जखमी अशी दिली आहे.

खानाने फिरंगोजीला चाकरी देऊ केली, त्याने ती नाकारली. पुढे महाराजांनी त्याला भूपाळगडाची किल्लेदारी दिली. म्हणजे तो जिवंत परतला; आणि आमच्या मते, आपल्या शाहिरांनी व कादंबरीकारांनी त्याच्याकडे तुलनेने पाठ फिरवली ती नेमकी म्हणूनच. त्याच वेढ्याच्या मध्यावर, 13 जुलैला, घोडखिंडीत बाजीप्रभू पडले. परंपरा सांगते त्याप्रमाणे महाराजांचा वेश घेऊन शिवा काशीद पालखीत बसला आणि मारला गेला. ‘आत्मघाती’ शब्द खरोखर लागू पडतो तो शिवा काशीदला. त्याच्या कामगिरीत परतीची वाट धरलेलीच नव्हती. बाजीप्रभूंच्याही बाबतीत ती जवळजवळ नव्हतीच.

आता लाल महाल पाहू. 5 एप्रिल 1663, रमजानची रात्र. हा छापा लोक ‘जिवावरची उडी’ म्हणून सांगतात, आणि मोगल छावणीच्या ऐन मध्यात शिरणे हे तसे होतेच. परंतु त्याची आखणी पाहिली की शब्द बदलावासा वाटतो. बरोबर निवडक चारशे माणसे, त्यांत खेडचे बाबाजी बापूजी व चिमणाजी बापूजी. म्हणजे चाकणच्या शेजारचेच. बाहेर नेताजी पालकर आणि मोरोपंत प्रत्येकी सुमारे हजार स्वारांनिशी उभे. पहारेकऱ्यांनी हटकले तर ‘आपण खानाच्याच फौजेतले दख्खनी, चौकीवर निघालो’ हे उत्तर ठरलेले. मुदपाकखान्याजवळची बुजवलेली खिडकी फोडून आत जाणे, हे काम तर त्या वाड्यात बालपण गेलेल्या माणसालाच सुचावे. खानाची बोटे गेली, मुलगा अबुल फतह मारला गेला. सरकारांच्या हिशेबाने मराठ्यांचे सहा पडले, चाळीस जखमी झाले.

खणकऱ्यांनी बाहेरून तट फोडला, तीन वर्षांनी महाराजांनी आतून भिंत फोडली. दोन्ही ठिकाणी वाट आधी करून ठेवलेली होती. फरक एवढाच, की लाल महालात परतीची वाटही तितक्याच काळजीने आखली होती. काही महिन्यांतच औरंगजेबाने शाहिस्तेखानाची बंगालला बदली केली. चाकणला मोगलांनी दिलेले ‘इस्लामाबाद’ हे नाव कागदांत राहिले, लोकांच्या तोंडी चाकणच राहिले.