गुरांमागे गेलेली शाळा

अंबत्तूरमधल्या एका छोट्या शाळेत आठवडाभर मुलंच विषय ठरवत होती, हातांनी करून शिकत होती. ते पाहताना मला जुना इतिहास आठवला. १९३९ साली मारिया माँटेसरी याच शहरात, अड्यारला आल्या आणि शिक्षक घडवू लागल्या. पण त्यांची साधनं गरिबाला परवडणारी नव्हती. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा शंखशिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली. पुढे कोसबाडला आदिवासी मुलं गुरं राखायला जात, म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघांनी कुरणातच शाळा भरवली. आठवडाभर वेळापत्रक बाजूला ठेवणं सोपं. राबणाऱ्या मुलाच्या सवडीनं शाळा चालवणं अवघड. मुलांच्या कलानं शिकवणं म्हणजे काय, ते मला त्या कुरणात कळतं.