गोड बटाटा

पारनेर तालुक्यात आमच्या शिवारात कुकडीच्या कालव्याचं पाणी यायच्या आधी बाजरी, हुलगा आणि मुंबईची मनीऑर्डर एवढंच उत्पन्न. बटाटा आला तो मामांकडून. मामा आंबेगावातल्या सातगाव पठारावरचे. तिथं खरिपात नुसत्या पावसावर बटाटा पिकतो. बेणं मात्र पंजाबातून मंचरच्या बाजारात उतरतं. आम्ही कालव्याच्या भरवशावर तो रब्बीत लावू लागलो. जात 'कुफरी ज्योती', 1968 सालची, सिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेनं काढलेली. कुफरी हे सिमल्याजवळचं गाव, हे मला कॉलेजात कळलं. आई 'कुपरी' म्हणायची.

ज्योती पिकायची चांगली, भावात मारायची. आडत, हमाली, तोलाई कापून पट्टी हातात यायची. एका साली गाडीभाडंच अंगावर आलं. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत.

2000 नंतर पठारावर चिप्सचा बटाटा आला. मामांच्या सांगण्यावरून आम्हीही एक एकर केला. 'अटलांटिक', मूळ अमेरिकेतली, 1976 ची जात. गोल, पांढऱ्या गराचा. पाणी कमी, पीठ जास्त, म्हणून तळताना तेल कमी पितो. बेणं कंपनीचं, भाव लागवडीआधीच ठरलेला. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा काढणीआधी हिशोब मांडला, आणि त्या हिशोबावर ताईच्या लग्नाची तारीख धरली.

पण परीक्षा कढईत होती. खरेदी केंद्रावर गाडीतले चार बटाटे काढून चकत्या तळून बघत. बटाट्यात साखर वाढली की चकती तांबडी पडते. शीतगृहातल्या थंडीनं तसं होतं, तसं पीक ताणावर गेलं तरी होतं. त्या साली कालव्याचं शेवटचं आवर्तन लांबलं होतं. आमच्या चकत्या तांबूस निघाल्या.

अण्णा म्हणाले, "खाऊन तरी बघा साहेब, गोड लागतोय."

साहेब हसले. गोड लागतो हाच तर दोष होता, पण ते अण्णांना तिथं कुणी सांगितलं नाही. गाडी परत फिरली. मंचरला माल निम्म्या भावात गेला. लग्न पुढच्या वैशाखावर ढकललं.

पुढच्या साली अण्णांनी पुन्हा बेणं आणलं. मी चिडलो. ते काही बोलले नाहीत. विहिरीजवळचा अर्धा एकर त्यांनी अटलांटिकला दिला, आणि कालव्याकडच्या अर्ध्यात ज्योती लावली.